मत्स्यालयाला पुन्हा येणाऱ्यांसाठी: फ्लेक्स की डिजिटल होर्डिंग?

एकदा मत्स्यालय पाहून गेलेल्या माणसाला शार्कचा उघडा जबडा पुन्हा दाखवून फारसे काही साधत नाही. मागच्या भेटीनंतर आत काय बदलले, हे त्याला कळायला हवे. एका मत्स्यालयाच्या प्रसिद्धीचे काम पाहताना मी त्यासाठी फ्लेक्सची आणि डिजिटल, अशी दोन्ही होर्डिंग्ज वापरली आहेत. या दोहोंतून निवड करू पाहणाऱ्यांना त्या अनुभवाचा उपयोग व्हावा.

वरवर पाहता डिजिटलचे पारडे जड वाटते. सकाळी मंजूर झालेले चित्र दुपारी झळकू शकते, छपाई आणि चढवणे-उतरवणे वाचते, आणि रात्री त्यावरचा निळा रंग असा उजळतो की चार शाईंच्या छपाईला तो गाठता येत नाही. दिवसा मात्र परिस्थिती बदलते. आपली बहुतेक छायाचित्रे काळोख्या पार्श्वभूमीवरची असतात, आणि भर उन्हात एलईडी पडद्यावरचा काळा रंग राखाडी दिसत असल्याने जेलीफिशची नाजूक कडा त्यात विरून जाते. फ्लेक्सही उन्हात फिकटतो. पण छपाईतला पिवळा आणि किरमिजी रंग सहसा आधी उडतो व निळा मागे उरतो, त्यामुळे समुद्राच्या चित्राचे नुकसान त्या मानाने कमी होते.

माझा निर्णय मात्र रंगावरून झाला नाही. मला सतत खटकत राहिला तो डिजिटल होर्डिंगचा लूप, म्हणजे एकाच पडद्यावर आळीपाळीने फिरत राहणाऱ्या अनेकांच्या जाहिराती. आठ जाहिरातदार आणि प्रत्येकाला आठ सेकंद, अशी मांडणी धरली तर एक फेरी 64 सेकंदांची होते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला शंभर मीटरवरून दिसू लागलेले होर्डिंग जेमतेम सहा सेकंद दिसते. म्हणजे पाचांपैकी सुमारे चार जण आपल्या चित्राची ओझरती झलकही न पाहता पुढे जातात. त्या रस्त्याने जाताना मलाही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची तरी जाहिरात दिसत असे. नव्या प्रेक्षकाच्या बाबतीत हे कदाचित चालून जाईल, कारण त्याच्यासाठी एक झलकही पुरेशी ठरू शकते. पुन्हा येणाऱ्याचे तसे नसते. काही बदलले आहे हे जाणवण्यासाठी आधीचे चित्र त्याच्या लक्षात असावे लागते, आणि ते रोज, त्याच जागी दिसले तरच लक्षात राहते.

शिवाय मत्स्यालयातली खरी बातमी तासातासाला बदलत नाही. तपकिरी पट्ट्यांच्या बांबू शार्कचे पिल्लू अंड्यातून बाहेर यायला साधारण चार ते पाच महिने लागतात, आणि अंड्यामागे दिवा धरला की आतली वाढ दिसते. दर महिन्याला त्याच कोनातून घेतलेले नवे छायाचित्र, त्याखाली ‘अंडे’, मग ‘हालचाल’, मग ‘शेपटी’ एवढाच शब्द आणि एका कडेला मत्स्यालयाचे नाव, अशी मालिका स्थिर होर्डिंगवर फार छान खुलते. रोज त्या वाटेने जाणारा माणूस नकळत त्या पिल्लाच्या वाढीचा साक्षीदार होतो. माझ्या पाहण्यात, अशा मालिकेनंतर तिकीट खिडकीवर ‘ते पिल्लू बाहेर आले का?’ असे विचारणारे बरेच जण आधी येऊन गेलेले असत. हे मोजमाप नव्हे, हे मान्य आहे. पण विचारणारे नेमके काय पाहून आले, याबद्दल शंका राहत नसे.

फ्लेक्सचा दोष म्हणजे शिळेपणा. पिल्लू टाकीत पोहू लागल्यावरही रस्त्यावर अंडेच दिसत राहिले, तर विश्वास उडतो. म्हणून पुढच्या महिन्याचे काम आधीच छपाईला द्यावे, आणि तारखेसारखा मजकूर मुख्य चित्रात न गुंफता खालच्या वेगळ्या पट्टीवर ठेवावा, म्हणजे तेवढीच पट्टी बदलता येते.

होर्डिंग लांब थांब्याच्या सिग्नलसमोर असेल आणि वाहने मिनिटभर उभी राहत असतील, तर लूपची अडचण बरीचशी संपते. तिथे डिजिटलचा विचार जरूर करावा. दोन-तीन दिवसांच्या विशेष कार्यक्रमासाठीही तेच सोयीचे. वर्षभरासाठी एकच जागा घेणे शक्य असेल, तर मात्र मी वळणाआधीची, दुरून दिसणारी आणि फक्त आपलीच असलेली फ्लेक्सची जागा घेईन.