तज्ज्ञ अभिप्रायाच्या नावाखाली ८८,२५० रुपयांची फसवणूक: माझा अनुभव

आधी रक्कम सांगतो, कारण ती झाकून ठेवून हे लिहिण्यात काही अर्थ नाही. घरी केलेल्या एका रीमिक्सवर तज्ज्ञाचा अभिप्राय घेण्याच्या नादात माझे ८८,२५० रुपये गेले आणि ते चार वेळा मी स्वतःच, स्वतःचा यूपीआय पिन टाकून पाठवले. मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेत गेली चौदा वर्षे इतरांची व्हाउचर तपासतो. सही नसलेली पावती मी शिपायाच्या हातून परत पाठवतो. त्यामुळे हे लिहिताना मला किती लाज वाटते आहे, हे वेगळे सांगायला नको.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याच्या कॅसेट होत्या, त्यांना ‘कॉन्ट्रा’च्या पहिल्या, जंगलातल्या टप्प्याची धून आजही पाठ असेल. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ मध्ये आर्केडवर, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर, आला आणि १९८८ मध्ये त्या घरगुती यंत्रावर, ज्याच्या नकला आपल्याकडे गल्लोगल्ली विकल्या गेल्या. त्या यंत्राजवळ आवाजाच्या पाचच वाटा होत्या: दोन चौरस लहरी, एक त्रिकोणी लहर, एक खरखर आणि एक ध्वनिमुद्रित नमुना वाजवणारी. त्रिकोणी लहरीचा आवाज कमीजास्तही करता येत नसे. एवढ्याशा सामग्रीतून उभी राहिलेली ती धून सत्तर वादकांच्या वाद्यवृंदाला कशी वाजवायला द्यावी, हा माझा सात महिन्यांचा ध्यास होता. रोज रात्री जेवणानंतर हेडफोन लावून, संगणकावरच्या नमुनाध्वनींच्या (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांच्या) आधारे मी ३ मिनिटे ४२ सेकंदांचे रीमिक्स तयार केले. त्रिकोणी लहरीची ती खालच्या सुरांची धावती ओळ मी चेलो आणि त्याहून खर्जातला डबल बेस या तंतुवाद्यांना दिली, तर सगळे गढूळ होत होते. एकट्या चेलोला दिली, तर पायाच निघून जात होता. अशा ठिकाणी जाणत्या माणसाचा कान लागतो, आणि आमच्या गावात तबल्याचे चार उत्तम शिक्षक असले तरी ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे कोणता सूर कोणत्या वाद्याला द्यायचा, हे जाणणारा एकही नाही. माझी गरज खरी होती, एवढेच मला म्हणायचे आहे. मी हावेपोटी फसलो नाही.

रीमिक्सचा तीस सेकंदांचा तुकडा मी हौशी संगीतकारांच्या एका गटात टाकला. दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थाचा संदेश आला. हातात वाद्यवृंद संचालकाची छडी (बॅटन) घेतलेले छायाचित्र, परदेशी चित्रपटांच्या आणि खेळांच्या संगीतावर काम केल्याचा दावा, आणि अतिशय सभ्य इंग्रजी. लेखी अभिप्रायाचे शुल्क ४,५०० रुपये. खाते भलत्याच नावाचे होते. ते ‘माझ्या भारतातील व्यवस्थापकाचे’ आहे, असे त्यांनी सांगितले. पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे. या सगळ्या मंडळींचे व्यवस्थापक भारतातच असतात. मी पैसे आणि फाइलची लिंक पाठवली. दोन दिवसांत सहा पानांचा अहवाल आला.

आता त्या दुसऱ्या पानाविषयी. त्यावर असे लिहिले होते की १ मिनिट ४८ सेकंदांना येणारा हार्पचा (तारा छेडून वाजवायच्या उंच वाद्याचा) झरा अत्यंत काव्यमय आहे आणि तो जरा अधिक वेळ खेळवावा. माझ्या रचनेत हार्प नव्हता. कुठेच नव्हता. त्या जागी टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांच्या घुमाऱ्यावर चेलोच्या तारा बोटांनी छेडल्या आहेत. हे वाक्य मी वाचले, थबकलो, आणि मग स्वतःची समजूत घातली की तारा छेडल्याचा आवाज त्यांना हार्पसारखा भासला असेल, म्हणजे माझे काम बहुधा इतके तरल झाले असेल. माझी पत्नी शेजारी भाजी निवडत होती. तिने एकच विचारले, “अहो, पण त्यांनी ऐकलं तरी का?” मी तिला म्हणालो की तुला यातले कळत नाही. आणि त्या रात्री (हे लिहिताना हात अडखळतो आहे) मी हार्पचे नमुनाध्वनी शोधून काढले आणि १ मिनिट ४८ सेकंदांना खरोखरच हार्प घातला. त्यांचा अहवाल खरा ठरावा म्हणून मी माझी रचना बदलली.

उरलेल्या पानांवर २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा हलका करा, प्रतिध्वनी वाढवा, प्रत्येक स्वराचा जोर थोडा कमीजास्त ठेवा, असे सल्ले होते. ते चुकीचे नव्हते, आणि मला त्यांनीच फसवले. जगातल्या कोणत्याही घरगुती वाद्यवृंदाला ते लागू पडतात. अमुक मात्रेला अमुक वाद्य असे का, हा प्रश्न ज्या अभिप्रायात एकदाही येत नाही, त्याला पैसे देऊ नका. खरा जाणकार संपूर्ण स्वरलिपी मागतो, वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक मागतो. यांनी लिंक आणि रक्कम याखेरीज काहीही मागितले नाही.

त्यानंतर १८,००० रुपये गेले, मात्रागणिक दुरुस्ती आणि पंचेचाळीस मिनिटांच्या व्हिडिओ संभाषणासाठी. ते संभाषण अकरा मिनिटे चालले. त्यांचा कॅमेरा बंद होता, आणि त्या अकरा मिनिटांपैकी निम्मा वेळ पूर्व युरोपातील एका शहरात चाळीस तंतुवादकांचे तीन तासांचे ध्वनिमुद्रण किती सवलतीत मिळू शकते, हे सांगण्यात गेला. बुडापेस्ट, प्राग, सोफिया अशा शहरांत दूरस्थ ध्वनिमुद्रण खरोखर चालते, हे मला वाचून माहीत होते. अर्धे खरे माहीत असणे किती महागात पडते, ते असे. शुल्क ५२,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९,४५०, असे एकूण ६१,९५०. बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता. पंधरा अक्षरी क्रमांक नसलेले करासहित बिल मी पतसंस्थेत डोळे मिटूनही परत पाठवले असते. साधा भागाकारही मी केला नाही: ५२,५०० भागिले चाळीस म्हणजे तीन तासांसाठी एका वादकाला १,३१२ रुपये ५० पैसे, आणि त्यात सभागृह, ध्वनिमुद्रक, संचालक सगळे फुकट. वरातीच्या बँडलाही आपण आधी ऐकतो आणि मगच अनामत देतो. शिवाय धून कोनामीची आहे, परवानगीचे काय, हा प्रश्न कोणत्याही खऱ्या ध्वनिमुद्रणवाल्याने पहिल्याच पत्रात विचारला असता. यांनी तो विचारला नाही, आणि मीही मुद्दाम काढला नाही, कारण मला उत्तर ऐकायचे नव्हते.

शेवटचे ३,८०० रुपये ‘आंतरराष्ट्रीय बँक शुल्क’ म्हणून गेले. त्यानंतर छायाचित्र नाहीसे झाले आणि फोन लागेनासा झाला.

मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर नवव्या दिवशी फोन केला. ही सर्वस्वी माझी चूक. पैसे गेल्याचे कळताच, त्याच तासात फोन करा. तोपर्यंत रक्कम पुढच्या खात्यात सरकलेली नसेल तर ती गोठवता येते. मी मात्र ‘कदाचित ते आजारी असतील’ असे म्हणत नऊ दिवस घालवले. बँकेत गेलो तर तेथील अधिकाऱ्यांनी मान वर न करता सांगितले, “सर, पिन तुम्हीच टाकलाय.” ग्राहकाचे नुकसान मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरते आहे, हे मलाही ठाऊक आहे, पण समोरचे खाते ज्या बँकेत आहे तिला कळवा, एवढी विनंती करणारा माझा अर्ज घेऊन त्यावर पोच देण्यासाठी त्यांना तीन खेपा का लागाव्यात?

पोलीस ठाण्यातील प्रकार याहून कडवट आहे. ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द ऐकताच हवालदारांनी विचारले, “गणपतीतला का? गायक कोण होते?” मी वीस मिनिटे समजावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि नोंद केली ती अशी: ‘ऑर्केस्ट्रा कार्यक्रमाचे बुकिंग करून कार्यक्रम न केल्याबाबत.’ अधिकारी म्हणाले की अहवाल तर मिळाला आहे ना, मग सेवा मिळाली, हा दिवाणी वाद आहे. तेथून मला जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर कक्षाकडे धाडले, आणि कक्षाने ठाण्याचे पत्र आणायला सांगितले. ठाणे म्हणते, कक्ष पत्र देईल. रजेचे सहा दिवस आणि एसटीचे भाडे मी वरच्या रकमेत धरलेले नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून माहिती नोंदवून घेणे टाळता येत नाही. ही दोन्ही कलमे छापून सोबत न्या. मी तोंडी सांगितली, तेव्हा मला ‘तुम्ही वकील आहात का’ असे विचारण्यात आले.

पुराव्यांची जुळवाजुळव करताना आणखी एक गोष्ट हाती लागली. पहिल्या दिवशी पाठवलेल्या लिंकची परवानगी मी उघडी केलीच नव्हती. फाइल माझ्याशिवाय कोणालाही उघडत नव्हती, आणि ती उघडण्याची विनंती कोणीही केली नव्हती. पत्नीचा प्रश्न बरोबर होता. लिंकची परवानगी दाखवणाऱ्या पृष्ठाची छायाप्रत मी तक्रारीला जोडली आहे. तुम्हीही लिंक मुद्दाम बंद ठेवून पाठवा आणि समोरचा परवानगी मागतो का ते पाहा.

दरम्यान एका मित्राच्या मडगावच्या मामांनी, ज्यांचे आयुष्य व्हायोलिन शिकवण्यात गेले, ते रीमिक्स एकदा ऐकले. शुल्क नाही, अहवाल नाही. ते म्हणाले की तुमचे ट्रम्पेटवाले सलग बावीस मात्रांच्या ओळी श्वास न घेता वाजवतात, माणसे मरतील; आणि डबल बेसला प्रत्येक धावता स्वर देऊ नका, ठोक्यावरचे तेवढे द्या. गढूळपणा एका संध्याकाळीत गेला. हार्प काढून टाकायलाही त्यांनीच सांगितले.

सोमवारी नोंदीतील ‘कार्यक्रमाचे बुकिंग’ हे शब्द दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. चारही व्यवहारांचे बारा अंकी संदर्भ क्रमांक छापून घेतले आहेत. रचनेत नसलेल्या हार्पचे कौतुक करणारा सहा पानी अहवाल आणखी कोणाला आला असेल, तर कृपया आपली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवा, आणि त्यात ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द शक्यतो लिहू नका.