रानउंदीर, विषाणू आणि गणित: दांडिया बाजारातील दोन रविवारांचा वर्ग

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील एका खासगी संस्थेने रानउंदरांमधील विषाणूप्रसाराच्या गणिती प्रतिमानांवर मराठीतून घेतलेला वर्ग मी गेल्या महिन्यात पूर्ण केला. मी महाविद्यालयात गणित शिकवतो, त्यामुळे समीकरणे ओळखीची होती. त्यातले एकेक पद उंदराच्या जगण्यातून कसे येते, हे मात्र मी प्रथमच पाहिले.

प्रारंभ साथीच्या प्रसाराची समीकरणे मांडणाऱ्या कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधाने झाला. त्यांनी समीकरणांतून आलेला आपला वक्र मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांशी जुळवून दाखवला होता; परंतु प्लेग जिवाणूचा, मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरणारा, आणि त्या समीकरणांत उंदीर स्वतंत्रपणे मोजलेलेच नाहीत, ही उणीव शिक्षकांनी लगेच दाखवली.

मुख्य उदाहरण १९९३ साली नैऋत्य अमेरिकेत आढळलेल्या सिन नोम्ब्रे या हंताविषाणूचे (उंदरांकडून माणसांना होऊ शकणाऱ्या विषाणूंपैकी एकाचे) होते. तो बाळगणारा डिअर माऊस हा रानउंदीर सहसा आजारी दिसत नाही आणि विषाणू त्याच्या शरीरात दीर्घकाळ टिकतो, म्हणून नेहमीच्या प्रतिमानातील ‘बरे झालेले’ हा गट गाळून निरोगी आणि बाधित असे दोनच गट उरतात. मग खरा प्रश्न येतो: गर्दी वाढली की उंदरांचा परस्परसंपर्कही वाढतो का? वाढत असेल, तर घनता एका उंबरठ्याखाली जाताच विषाणू नाहीसा होतो. पण नरांच्या झोंब्या आणि चावे घनतेवर अवलंबून नसतील, तर असा उंबरठाच राहत नाही. फळ्यावर हा भेद उलगडण्यात संपूर्ण दुपार गेली आणि माझ्या मते शुल्क तेथेच वसूल झाले. पिल्लांना आईकडून काही काळ प्रतिपिंडे (संसर्गापासून संरक्षण देणारी प्रथिने) मिळतात, त्यामुळे वीण झाल्यावर उंदीर वाढूनही बाधितांचे प्रमाण घटू शकते, हेही मला फार आवडले.

संगणकाचे सत्र मात्र निराश करून गेले. गणनेत एका वेळी एक महिना पुढे सरकायचे, म्हणजे एक महिन्याची पायरी, धरल्याने निरोगी उंदरांची संख्या ऋण आली; ‘पायरी लहान करा’ एवढेच सांगितले गेले, कारण सांगितले नाही. घरी एक दिवसाची पायरी धरल्यावर उत्तर सुसंगत आले. पकडून, खूण करून, सोडून पुन्हा पकडण्याच्या पद्धतीला जेमतेम दहा मिनिटे मिळाली, खरे तर रानातील उंदरांची संख्या तीवरूनच ठरते. कलनशास्त्र येणाऱ्यांनी या वर्गाला अवश्य जावे, आणि संस्थेने पुढच्या तुकडीसाठी शेतावरचे एक सत्र ठेवल्यास मी पुन्हा नाव नोंदवीन.