‘निर्णय तुझाच आहे’ असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा

लग्न जुळवणाऱ्या साइटवर ओळख झालेल्या माणसाने गेल्या वर्षी माझे सहा लाखांच्या आसपास रुपये लुटले. त्याने माझ्याकडे पैसे एकदाही मागितले नाहीत. हे मी पोलिसांना सांगितलं, बँकेत सांगितलं, घरी सांगितलं, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस क्षणभर गोंधळला. आपल्या डोक्यात अशा फसवणुकीचं ठरलेलं चित्र असतं: त्याची आई आजारी पडते किंवा विमानतळावर भेटवस्तूंचं पार्सल अडकतं, मग तो हात पसरतो. माझ्या बाबतीत तसं काहीच झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी ठाण्यात राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, घटस्फोटित आहे. दुसरं लग्न करायचं आणि जोडीदार स्वतः शोधायचा हे मी विचार करून ठरवलं होतं. आजही मला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्याची प्रोफाइल साधी होती. मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये, तोही घटस्फोटित. गाडीला टेकून काढलेले फोटो नाहीत, बढाया नाहीत. दोन-तीन दिवसांत तो साइट सोडून टेलिग्रामवर बोलू या म्हणाला. बोलायचा कमी, विचारायचा जास्त. पहिलं लग्न का मोडलं, दुकानात दिवस कसा जातो, आईचं कसं चाललंय. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख त्याने लक्षात ठेवली आणि त्या दिवशी सकाळी सातला मेसेज आला, ‘काकूंना आत नेलं का?’ उन्हाळ्यात नेदरलँड्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे तिकडे पहाटेचे साडेतीन. आपल्या आईसाठी हा माणूस जागा राहिला, असं कुणालाही वाटावं. पुढे सायबर शाखेतल्या अधिकाऱ्यांनी सगळे मेसेज वेळेनुसार लावून बघितले. तो युरोपच्या घड्याळाने जगतच नव्हता, त्याचा दिवस आपल्याही आधी सुरू होत होता. परदेशातल्या स्थळाशी बोलत असाल तर हे एवढं जरूर पाहा.

पैशांचा विषय त्याने फार उशिरा काढला, तोही स्वतःच्या संदर्भात. ‘आज जरा ट्रेडिंग केलं, चांगला नफा झाला,’ एवढंच. मीच विचारल्यावर त्याने आभासी चलनाच्या (क्रिप्टोच्या) ट्रेडिंगचं अॅप दाखवलं. मी म्हटलं, दादाला विचारते. त्यावर तो रागावला नाही. शांतपणे म्हणाला, ‘जरूर विचार. पण तू कमावती आहेस, घर चालवतेस. तुझ्या पैशांचा निर्णय तुझाच असायला हवा. मला एक रुपया देऊ नकोस, खातं तुझ्या नावावर उघड.’

जिला आयुष्यभर ‘तुला काय कळतं त्यातलं’ हे ऐकावं लागलं, तिला या बोलण्यात काय मिळतं ते सांगायला नको. स्वतःचं स्वतः ठरवायची जी हिंमत मी कष्टाने कमावली होती, तिचाच त्याने दोर केला. प्रत्येक पायरीवर ‘निर्णय तुझा, घाई नको’. त्यामुळे पुढे सगळं कोसळलं तेव्हा ‘हे तर मीच ठरवलं होतं’ हा विचार माझ्या तोंडावर कुलूप लावायला तयारच होता. ही माणसं तुमचे पैसे नेतात आणि जबाबदारी तुमच्याकडे ठेवून जातात. एखादीने आपला जोडीदार आपण निवडला, म्हणून दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्याची ती वाटेकरी होत नाही. दादा पहिल्यांदा म्हणाला, ‘तुला साइटवर जायला सांगितलं कुणी?’ तेव्हा मी त्याला हेच ऐकवलं.

अॅप प्ले स्टोअरवर नव्हतं, त्याने पाठवलेल्या लिंकवरून घ्यायचं होतं. पैसे भरताना दर वेळी वेगळंच खातं यायचं. एकदा कुठल्याशा ट्रेडर्सचं, एकदा कुणा बाईचं. अॅपमध्ये आकडा मात्र रोज वाढताना दिसायचा. मी पन्नास हजार भरले आणि खात्री करण्यासाठी नऊ हजार काढून पाहिले. अर्ध्या तासात ते बँकेत जमा झाले. पैसे परत मिळतात म्हटल्यावर मी एफडी मोडली, काही दागिने गहाण ठेवले.

त्या नऊ हजारांचं पुढे काय झालं ते नीट वाचा, कारण हे फारसं कुणी सांगत नाही.

ते पैसे मला कुठल्याही कंपनीकडून आले नव्हते, एका अनोळखी माणसाच्या बचत खात्यातून आले होते. ते होते दुसऱ्या राज्यातल्या, माझ्यासारख्याच फसलेल्या कुणाचे तरी. एकाला लुटायचं आणि त्यातले थोडे दुसऱ्याला ‘नफा’ म्हणून दाखवायचे, अशी ही रीत. त्या माणसाने तक्रार केली, त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्यांचा माग लागला आणि मी स्वतः पोलिसांत तक्रार केल्यानंतर एके सकाळी माझं पगाराचं खातं गोठलं. घरभाड्याचा हप्ता परत गेला. बँक मॅनेजरनी तक्रारीचा क्रमांक आणि तिकडच्या पोलिसांचा ईमेल दिला. माझी एफआयआर, खात्याचा उतारा आणि अर्ज पाठवल्यावर गोठवणूक फक्त नऊ हजारांपुरती राहिली, बाकीचं खातं मोकळं झालं. माझी स्वतःची तक्रार आधीच नोंदलेली नसती, तर ‘ती टोळीतली नाही’ हे दाखवायला माझ्याकडे कागदाचा कपटा नसता.

आता ती तक्रार कशी झाली ते सांगते. शेवटी मी सगळी रक्कम काढायला गेले, तेव्हा अॅपवर सूचना आली: नफ्यावरचा ३० टक्के कर आधी भरा. आभासी चलनाच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे हे खरं आहे, म्हणून ही मागणीही खरी वाटते. आमच्या दुकानाचे सीए काका त्या दिवशी हिशेबाला आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘अगं, हा कर आपण सरकारला भरतो, अॅपवाल्याला नाही. आणि १ टक्का टीडीएस व्यवहारातूनच कापला जातो, तो वेगळा कुणी मागत नाही. आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन कर.’

दुकानाच्या मागच्या खोलीतून मी १९३० लावला. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक. कुठल्या बँकेतून, कुठल्या खात्यात, किती, कधी आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँक त्या व्यवहाराला देते तो) क्रमांक, एवढं विचारतात. ते हाताशी असलं की तक्रार झटपट नोंदवली जाते. शेवटचे दोन व्यवहार ताजे होते, त्यातले सुमारे लाखभर रुपये पुढच्या खात्यात अडकवता आले. आधीचे केव्हाच चार-पाच भाड्याच्या खात्यांतून फिरून निघून गेले होते. नंतर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ व ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-डीखाली गुन्हा दाखल झाला. अडकलेली रक्कम परत मिळावी म्हणून मी कोर्टात अर्ज केला आहे.

मी साइटकडेही तक्रार केली. त्यांनी प्रोफाइल तात्काळ काढली आणि तिच्याबरोबर आमचं तिथलं सगळं बोलणंही गेलं. म्हणून तक्रार करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. विवाह संकेतस्थळांनी सदस्यांची ओळख कागदपत्रांवरून तपासावी, अशा सूचना केंद्राने २०१६ मध्येच दिल्या आहेत. त्याच्या प्रोफाइलवर ‘तपासलेली’ अशी खूण होती. ती कशाच्या आधारावर दिली, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आणि हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्हटलं होतं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जात असावीत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा अड्ड्यांवरून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मायदेशी आणलं. मला ‘काकूंना आत नेलं का’ विचारणारा कदाचित पाळीवर बसवलेला असाच कुणी असेल. मला त्याचा राग येतो, तो जात नाही, पण माझ्या नशिबाला किंवा निवडीला दोष द्यायचं मात्र मी सोडलं.

स्थळ बघणं मी थांबवलेलं नाही. प्रत्यक्ष भेट झाल्याशिवाय आणि दोन्ही घरं एकमेकांना ठाऊक झाल्याशिवाय पैशांचा शब्द निघाला, गुंतवणुकीचा सल्ला का असेना, की मी बोलणं बंद करते. खरा असेल त्याला याचं वाईट वाटत नाही, असा अनुभव आहे.

तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असे फोन येतील. तीही त्यातलीच मंडळी, ऐकून घेऊ नका. आणि हे वाचताना कुणाचे पैसे नुकतेच गेले असतील, तर घरी कसं सांगू हा विचार नंतर करा. आधी १९३० लावा, लागला नाही तर पुन्हा लावा, नाहीतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा आणि तिचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा.