स्वतःला टचपॅड समजणारा टच मॉनिटर: लिनक्सवर काही महिने वापरल्यानंतर

रंग, ब्राइटनेस, वजन हे सगळं बॉक्सवर छापलंय तसंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. तापकीर गल्लीतून घेतलेला 15.6 इंची यूएसबी-सी टच मॉनिटर. घरी डेबियन (लिनक्सचाच एक अवतार) आणि केडीई (त्यावरचा डेस्कटॉप). मला बोलायचंय ते फक्त टचबद्दल.

घेतला बाबांसाठी. त्यांचा हात थरथरतो, माऊस धरवत नाही, म्हणून ई-पेपर बोटाने वाचता यावा एवढीच अपेक्षा. नावाजलेल्या कंपनीच्या टच मॉनिटरच्या निम्म्याहून कमी पैसे पडले होते, त्यामुळे कोथरूडला पोचेपर्यंत मी खुशीत होतो.

जोडला आणि बाबांनी बातमीवर बोट टेकवलं. बाण जागचा हलला नाही. बोट सरकवलं, तर बाण होता तिथूनच सरपटायला लागला. दोन बोटं लावली की पान मात्र झकास सरकायचं. "अरे, याला माझं बोट दिसतंय का नाही?" बाबांचा प्रश्न. दिसत होतं की! पण आपण पडदा नसून लॅपटॉपचं टचपॅड आहोत, असं त्या यंत्राने सिस्टिमला सांगून ठेवलं होतं. त्यात 'माऊस जोडला की टचपॅड बंद' ही सेटिंग मी कधीचीच लावलेली. परिणाम, माझ्या वायरलेस माऊसचं यूएसबी पिल्लू (रिसीव्हर) खोचलं की बाबांचा अख्खा पडदा मुका.

दुकानात परत गेलो. काउंटरवरच्या विंडोजवर बोट अगदी नीट चालत होतं, कारण कंपनीचा वेगळा ड्रायव्हर तिथे आधीच टाकलेला. "साहेब, पीसमध्ये फॉल्ट नाही, तुम्ही विंडोज टाका." म्हणजे स्वस्त मॉनिटरसाठी विकतचं विंडोज! नको.

आता भानगड काय होती ते सांगतो. आपण बोटांनी वापरायचं यंत्र नक्की कोणत्या जातीचं, हे मॉनिटरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगतं. त्यावरून कर्नल एक खूण लावतं: 'डायरेक्ट', म्हणजे बोट जिथे टेकलं तिथेच काम व्हायचंय. ही खूण नसेल आणि यंत्र बोट ओळखत असेल, तर यूडेव्ह (जोडलेली यंत्रं ओळखणारा लिनक्सचा भाग) त्यावर टचपॅडचं लेबल चिकटवतं, आणि लिबइनपुट (बोट-माऊसच्या हालचाली हाताळणारा भाग) ते लेबल मानून पुढे जातं. लिनक्सने काहीही चुकीचं केलेलं नाही. खोटा दाखला मॉनिटरनेच दिला. 'लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस' ही आज्ञा रूट (अ‍ॅडमिन) म्हणून चालवा. क्षमतांच्या ओळीत 'पॉइंटर, जेश्चर' दिसलं तर हाच रोग. 'टच' दिसायला हवं.

इलाज फुकट आहे. 'एलएसयूएसबी' या यूएसबी यंत्रांची यादी देणाऱ्या आज्ञेतून यंत्राचे दोन चार-चार अक्षरी क्रमांक घ्यायचे, ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरखाली यूडेव्हच्या रूल्समध्ये, म्हणजे नियमांमध्ये, एक छोटी फाइल करायची, आणि त्या क्रमांकांसाठी टचपॅडचं लेबल रिकामं करून टचस्क्रीनचं लेबल 1 करायचं. फाइलच्या नावाच्या सुरुवातीचा आकडा 60 पेक्षा मोठाच ठेवा. लेबलं लावणारी मूळ फाइल 60 ची आहे. तुमची तिच्या आधी वाचली गेली तर ती टचपॅडचं लेबल पुन्हा चिकटवते. मग नियम रिलोड करून केबल काढून पुन्हा लावा.

यानंतर बोट चाललं, पण लॅपटॉपच्या पडद्यावर! इथे बोट, तिथे क्लिक. हे सोपं निघालं: केडीईच्या टचस्क्रीन सेटिंगमध्ये कोणता डिस्प्ले ते निवडलं, झालं. मधे डेबियन 12 चं 13 केलं, तरी नियमाला धक्का लागला नाही. ईटीसीमधल्या तुमच्या फाइलला अपग्रेड हात लावत नाही. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी बिनधास्त 'घ्या' म्हणालो असतो.

आता तसं म्हणणार नाही. सी-पोर्ट ढिला झाला. सर्व्हिस सेंटरवाल्याने आधी "केबल तुमची खराब" म्हणून हुज्जत घातली, मग वॉरंटीत पीस बदलून दिला. तोच मॉडेल नंबर, तसाच बॉक्स. पण आतला टच कंट्रोलर वेगळा, क्रमांक वेगळे, माझा नियम निरुपयोगी. आणि हा पठ्ठ्या पहिल्या झटक्यात स्वतःला टचस्क्रीन म्हणवतो! बाबा खूश आहेत. मी नाही. एकाच मॉडेल नंबरखाली दोन वेगळी यंत्रं विकायची आणि बॉक्सवर त्याचा उल्लेखही करायचा नाही, हा कुठला धंदा?

तेव्हा हा मॉनिटर घ्यायचाच असेल तर ऑनलाइन नको. पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता थेट चालणारं) आणि लॅपटॉप घेऊन दुकानात जा, काउंटरवर लावून बघा, आणि जो पीस तपासला तोच पिशवीत घाला. दुकानदार सीलबंद डबा पुढे करेल. त्याला नाही म्हणा. स्टँडचं विचारू नका, तो तीन आठवडेही टिकत नाही. आमच्याकडे पडदा पोथीच्या व्यासपीठावर ठेवलाय आणि उत्तम बसलाय.