डेबियन : विकतची डीव्हीडी की स्वतःचं डाउनलोड?

डेबियन ही मोफत लिनक्स संगणकप्रणाली. कोल्हापुरात राजारामपुरीत घरी फायबर असेल तर ती डाउनलोडच करा. फाइल उतरली की चेकसम (फाइल बिनचूक उतरली का ते दाखवणारा संकेतांक) जुळवा, पेनड्राइव्हवर चढवा, झालं. गगनबावड्याकडच्या एखाद्या दुर्गम शाळेला मात्र मी विक्रेत्याची डीव्हीडीच सुचवेन. रेंज गेली तरी अडत नाही आणि एकाच डिस्कवरून सगळी लॅब उभी राहते. संगणकांना डीव्हीडी ड्राइव्ह हवा, एवढंच. डेबियन स्वतः डिस्क विकत नाही, विक्रेत्यांची यादी देतं. ‘फुकटातलं विकतात’ म्हणून रागावू नका; जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यातच प्रतीचे पैसे घ्यायची मुभा आहे. आवृत्ती ताजी आहे का, हे आधी विचारा आणि चेकसम इथंही तपासाच. डेबियनवरच बेतलेलं उबुंटू २४.०४ डेस्कटॉप हवं असेल तर प्रश्नच मिटला : ती फाइल ४.७ जीबीच्या डीव्हीडीत मावत नाही.