हॉकीच्या तिकीट-उत्पन्नाचा अंदाज: सात रस्त्यावरील एका शिकवणी वर्गाचा अनुभव

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी सात रस्ता परिसरात चालणारा क्रीडा-अर्थकारणाचा अल्पमुदतीचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग (बर्फावरील हॉकीची व्यावसायिक स्पर्धा) तिकिटांतून किती कमावते, याचा अंदाज बांधणे हा त्यातील सर्वांत कसदार भाग होता. 2024-25 च्या हंगामात 32 संघ प्रत्येकी 82 सामने खेळले. पहिल्या तासाला आमच्यापैकी अनेकांनी 32 ला 82 ने गुणले आणि प्रत्येक सामना दोनदा मोजला. प्रत्यक्षात साखळी सामने 1312 होतात. सरासरी 17 हजार प्रेक्षक धरले, तर सुमारे 2 कोटी 23 लाख तिकिटे होतात, आणि तिकिटाचा दर उदाहरणादाखल 100 डॉलर मानल्यास रक्कम 223 कोटी डॉलरवर जाते.

सरांनी दिलेला दाखला मला विशेष भावला: मागांची क्षमता म्हणजे विकलेल्या चादरी नव्हेत, तशीच आसनक्षमता म्हणजे विकलेली तिकिटे नव्हेत. शिवाय जाहीर होणारी उपस्थिती बहुधा वितरित तिकिटांची असते, त्यात मोफत तिकिटेही येतात, आणि हंगामी पासधारकाला प्रत्येक सामना स्वस्त पडतो.

उणीव एकच, पण मोठी. बाद फेरीत 60 ते 105 सामने होतात व तेथील दर चढे असतात. हा भाग शेवटच्या दहा मिनिटांत उरकण्यात आला. त्यासाठी आणखी एक तास ठेवावा, अशी विनंती मी लेखी केली आहे.