एक टिंब राहिलं तेव्हा: व्हर्च्युअलबॉक्समधलं डेबियन

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या लिखाणातले सुटलेले अनुस्वार शोधण्यावर माझं पोट चालतं. अशा माझ्या हातून लिनक्सच्या एका आज्ञेत एक टिंब राहिलं आणि अख्खी सिस्टिम बसली. लॅपटॉपला धक्का लागला नाही, कामाच्या फायली जागच्या जागी राहिल्या. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे आपल्या सिस्टिमवरच एका खिडकीत दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर. त्याबद्दल माझं मत चांगलं आहे ते मुख्यतः त्या एका प्रसंगामुळे, तेव्हा पुढचं थोडं पक्षपाती वाटलं तर वाटू दे.

विंडोज सोडणं मला जमणार नाही. मजकूर येतो तो पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याचे फॉन्टही तिथलेच. पण एखादा शब्द चारशे पानांत दोन तऱ्हांनी पडलाय का, हे बघायला फायलींत शब्द शोधणाऱ्या 'ग्रेप' या आज्ञेसारखं हत्यार नाही, आणि ते मला लिनक्सवरच नीट शिकायचं होतं. दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी बसवायच्या तर डिस्कचे भाग पाडायला लागतात. एवढी छाती नव्हती. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स, त्यात डेबियन १२ हा लिनक्सचा एक अवतार आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. २०२३ सालच्या या आवृत्तीचं नाव 'बुकवर्म', म्हणजे पुस्तकी किडा. निवडीत नावाचा काहीच हात नव्हता असं म्हणणार नाही.

लॅपटॉपची रॅम ८ जीबी. त्यातली ३ जीबी आणि प्रोसेसरचे दोन कोअर पाहुण्याला दिले. आत चालते ती सिस्टिम 'गेस्ट' आणि बाहेरची 'होस्ट', तेव्हा पाहुणाच की. त्याचं ताट भरताना यजमान उपाशी राहणार नाही एवढं बघा. एकूण ४ जीबीच असेल तर या वाटेला न गेलेलं बरं. खिडकीच्या खालच्या पट्टीत मला एक हिरवं कासव दिसायचं. शोभेचं चित्र असेल म्हणून दोन दिवस कौतुकानं पाहिलं. मग कळलं की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची (सिस्टिमच्या आत सिस्टिम चालवण्याची) सोय हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या यंत्रणेनं आधीच धरून ठेवलेली असली, की व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून काम करावं लागतं. कासव त्याचीच खूण. ते घालवायला माझ्याकडे विंडोजची एक सुरक्षा-सोय बंद करावी लागली असती. मी कासव ठेवलं.

डेबियन बसवताना एक जागा फसवी आहे. इन्स्टॉलर रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतो. आपण सज्जनपणे तो देतो, आणि नंतर 'सुडो' (रूटच्या अधिकारानं काम करायची आज्ञा) वापरायला गेलं की उत्तर येतं, तुम्ही यादीत नाही, आणि या प्रकाराची खबर प्रशासकाला दिली आहे. प्रशासक कोण, तर मीच! तो रकाना रिकामा सोडला असता, तर इन्स्टॉलरनं रूटचं खातं बंद ठेवून सुडोचा अधिकार मलाच दिला असता. पासवर्ड देऊन बसला असाल तर 'एसयू' आणि पुढे एक आडवी रेघ अशी आज्ञा देऊन रूट व्हायचं, स्वतःला 'सुडो' गटात घालायचं, आणि लॉगआउट करून परत यायचं. ती आडवी रेघ विसरू नका.

गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे पाहुण्याच्या आत बसवायची व्हर्च्युअलबॉक्सची पूरक सॉफ्टवेअर, बसवल्याशिवाय मात्र खरं मूल्यमापन करू नका. आधी लिनक्सची खिडकी टीचभर, कॉपी-पेस्ट आतबाहेर होत नाही. नंतर दोन्ही मार्गी लागतं. होस्टवरचा, आतूनही दिसणारा शेअर्ड फोल्डर उघडेना, तर आपलं नाव 'व्हीबॉक्सएसएफ' या गटात आहे का ते बघा. मी तो फोल्डर 'रीड-ओन्ली' ठेवलाय. आतून फायली वाचता येतात, बिघडवता येत नाहीत.

टर्मिनलमध्ये देवनागरीची दशा वाईट. जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलतीकडे सरकतात, कारण टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकोनात कोंबतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते बघवत नाही. पण ग्रेप शोधतो ते बरोबरच, आणि तीच फाईल माऊसपॅड या साध्या संपादकात उघडली की अक्षरं शहाण्यासारखी बसतात. हा दोष लिनक्स खऱ्या यंत्रावर घातलं तरी राहतोच.

आता ते टिंब. एका फोल्डरातल्या सगळ्या फायली माझ्या मालकीच्या करायच्या होत्या. सुडो, मग मालकी बदलणारी 'सीएच-ओन', मग आतलंही सगळं घे असं सांगणारा पर्याय, आणि शेवटी टिंब आणि तिरकी रेघ, म्हणजे 'मी आत्ता जिथं आहे तिथं'. टिंब राहिलं. नुसती तिरकी रेघ म्हणजे सिस्टिमचं मूळ. आज्ञा एवढा वेळ का घेतेय, या विचारात असताना संपूर्ण डेबियन माझ्या नावावर झालं. सुडोचा मालक रूटच असायला लागतो, त्यामुळे चूक निस्तरायचं हत्यारच बोथट झालं. सकाळी स्नॅपशॉट, म्हणजे पाहुण्याची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती, घेतलेला होता. यंत्र बंद केलं, 'रिस्टोअर' दाबलं, आणि मिनिटाभरात सकाळ परत.

यानंतर मला स्नॅपशॉटचं व्यसन लागलं, हे कबूल करते. स्नॅपशॉट म्हणजे पूर्ण नक्कल नव्हे. घेतल्या क्षणापासूनचे बदल वेगळ्या फायलीत साठत जातात. सातव्या स्नॅपशॉटनंतर लॅपटॉपची डिस्क भरली आणि पाहुणा जागच्या जागी थांबला. जुने पुसायला घेतले, तर ते एकमेकांत मिसळतानाही तात्पुरती जागा लागते! शेवटी लॅपटॉपवरचे माझे घरचे फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवले तेव्हा सुटका झाली. पाहुण्याची 'डायनॅमिक' डिस्कही नुसती वाढते. आतल्या फायली पुसल्या म्हणून ती आपणहून आकसत नाही.

व्हिडिओ आणि गेमसाठी हे घेऊ नका, चित्रांच्या बाबतीत ओढाताण होते. नुसतं टर्मिनल हवं असेल तर विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, डब्ल्यूएसएल, हलकी पडेल. व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ पॅकेज जीपीएल या परवान्याखाली मुक्त आहे. एक्स्टेन्शन पॅक या जादा जोडणीचा परवाना वेगळा, व्यवसायासाठी वापरायचं तर तो आधी वाचा. मला त्याची गरज पडली नाही.

डेबियन १३, 'ट्रिक्सी', २०२५च्या ऑगस्टमध्ये आलं. बुकवर्मवरून तिकडे जायचंय. हल्ली दोनच स्नॅपशॉट ठेवते. त्यातल्या नव्याला आजच नाव दिलं: 'ट्रिक्सीआधी'. नावातलं प्रत्येक टिंब तपासून.